गोव्याचा हट्ट

आमच्या ग्वाल्हेरास समुद्र नाही. पण घरात लग्नकार्य झाले की नवरानवरीस मंगेशीच्या पायांवर घालून आणण्याची आमच्या घराण्याची जुनी रीत आहे, आणि त्या निमित्ताने आम्हां कोरड्या मुलखातल्या माणसांस समुद्राचे दर्शन घडते. अशाच एका खेपेस जुन्या गोव्यातील पुराणवस्तुसंग्रहालयात गेलो होतो. आफोंसो द आल्बुकर्क याचा ब्राँझचा पुतळा तेथे आहे; पूर्वी तो पणजीस होता. माझी आई त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळीचे. १५६० साली देव नदीपलीकडे प्रियोळास न्यावा लागला, हे तिने लहानपणापासून ऐकलेले. मी मात्र पुतळ्याकडे पाहतच राहिलो. इतक्या दूरच्या, इतक्या लहान देशातून आलेल्या या माणसाला गोवेच का हवे झाले, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला. पुढे त्याचे चरित्र मिळेल तेथून वाचले. ते आज सांगतो.

आल्बुकर्कचा जन्म १४५३च्या सुमारास लिस्बनजवळ आल्यांद्रा येथे एका सरदार घराण्यात झाला. दरबारात वाढला, मोरोक्कोत लढला, आणि हिंदुस्थानात प्रथम आला तो १५०३ साली, म्हणजे पन्नाशीला. ज्या वयात आपल्याकडचा गृहस्थ मुलीच्या लग्नाची आणि पेन्शनीची गणिते मांडीत बसतो, त्या वयात याचे खरे आयुष्य सुरू झाले.

त्या वेळी पोर्तुगालची सारी वस्ती दहा-पंधरा लाखांची. लिस्बनहून आरमार मार्च-एप्रिलमध्ये निघे, ते आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरच्या सुमारास मलबारला लागे. वाटेत हिरड्या सुजून माणसे मरत. आपल्या उष्ण पाण्यातला किडा जहाजाचे लाकूड पोखरी. अशी जहाजे किनाऱ्यावर ओढावी, तळ खरवडावा, फटींत काथ्या ठासून डांबर फासावे, तर जागा कोणाची? कोचीनच्या राजाची. तेथे पोर्तुगीजांचा किल्ला होता खरा. पण तो दुसऱ्याच्या ओसरीवर अंथरलेल्या पथारीसारखा. राजाची मर्जी फिरली की पथारी गुंडाळायची.

यावर दोन मते होती. १५०५ साली पहिला विजरई म्हणून आलेल्या आल्मेदाचे मत असे की, दर्यावर जोर असला म्हणजे पुरे. जितके किल्ले अधिक तितकी आपली मूठभर माणसे विखुरणार. हे मत वेडगळ नव्हते. १५०९च्या फेब्रुवारीत दीवच्या लढाईत त्याने इजिप्त व गुजरातच्या आरमारांचा पराभव केला, तो याच भरवशावर. आल्बुकर्कचे मत उलट. स्वतःचा धक्का, स्वतःची गोदी, स्वतःचे धान्य आणि चार महिन्यांचा पावसाळा काढायला स्वतःचे छप्पर असल्याखेरीज आरमार हे आरमार नव्हेच, असे तो धरून बसला होता. १५०७ साली होर्मुझला किल्ल्याचे काम चालू असताना त्याचेच काही कप्तान भांडून जहाजे घेऊन निघून गेले, आणि हाती आलेले बंदर त्याला सोडावे लागले. ती आठवण त्याने आयुष्यभर जपली. गव्हर्नरपदाचा हुकूम खिशात असूनही आल्मेदाने त्याला कण्णूरला अटकेत ठेवले. १५०९च्या अखेरीस तो सुटला व अधिकारावर आला. लागलीच जानेवारी १५१०मध्ये कालिकतवरचा हल्ला फसला आणि तो स्वतः जखमी झाला.

त्यानंतर तो निघाला होता तांबड्या समुद्राकडे. होनावरचा आरमारी सरदार तिमोजा याने त्याला गोव्याची वाट दाखवली. विजापूरकरांचा अंमल लोकांस नकोसा झाला आहे, ठाण्यावर फौज थोडी आहे, ही बातमी त्याचीच. घरभेद्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. १५१०च्या वसंतात शहर जवळपास न लढता हाती आले आणि मे महिन्यात आदिलशाही फौजांनी तितक्याच त्वरेने परत घेतले.

येथून जे घडले त्यात मला या माणसाचा सारा स्वभाव दिसतो. शहर गेले, जहाजांवर पळून यावे लागले. पण तोवर पावसाळा लागला होता. मांडवीच्या मुखाशी लाटा फुटू लागल्या की बाहेर पडता येत नाही, हे कोकणातले पोरही जाणते. आरमार नदीतच कोंडले गेले. दोन्ही काठांवर शत्रूच्या तोफा, वरून कोसळणारा पाऊस, आणि कोठारात धान्य नाही. माणसांनी उंदीर खाल्ले, पेट्यांवरचे कातडे शिजवून खाल्ले. आदिलशाही दूत आले तेव्हा उरलासुरला बिस्किटांचा आणि दारूचा साठा मुद्दाम समोर मांडून त्याने आपल्याकडे तोटा नसल्याचा देखावा केला, असे सांगतात. अशा दिवसांत रुय दियश नावाचा एक तरुण सरदार जहाजावर ठेवलेल्या बंदिवान मुसलमान स्त्रियांकडे चोरून जाताना सापडला. आल्बुकर्कने त्याला फासावर दिले. कप्तान खवळले, बंडाची वेळ आली, पण तो ढळला नाही. ऑगस्टच्या मध्यास, नारळी पौर्णिमेच्या सुमारास आपले कोळी होड्या पाण्यात लोटतात त्या दिवसांत, जहाजे बाहेर पडली.

दुसरा कोणी असता तर पुन्हा त्या नदीचे नाव काढता ना. याने मात्र त्या कोंडीतून दुसराच अर्थ काढला. जे बंदर पावसाळ्यात आत अडकलेल्यास बाहेर पडू देत नाही, ते बाहेरच्या शत्रूसही आत येऊ देत नाही. तीनच महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, त्याने शहर पुन्हा घेतले. त्यानंतर मुसलमान रहिवाशांची जी कत्तल झाली तीत बायकामुलेही सुटली नाहीत. हिंदूंस त्याने अभय दिले म्हणून त्या दिवसांचे रक्त फिके होत नाही, आणि त्याच्या थोरवीची वर्णने करणारे हे पान घाईने उलटतात ते मला पटत नाही.

पुढचे काम मात्र किल्लेदाराचे नव्हे, संसार मांडणाऱ्याचे. विजापूरकरांची गोदी व कारागीर आयते मिळाले होते. त्यांच्याकडून जहाजबांधणी चालू केली. टाकसाळ काढली. विजयनगर व विजापूर या दोन्ही दरबारांना लागणारे अरबी घोडे गोव्यातच उतरले पाहिजेत अशी व्यवस्था केली, म्हणजे दोन्ही शेजारी मिंधे. गावकऱ्यांची जुनी व्यवस्था मोडली नाही. सतीस बंदी केली. आपल्या शिपायांची येथल्या स्त्रियांशी लग्ने लावून त्यांस जमिनी दिल्या, कारण दर साली लिस्बनहून माणसे मागवणे परवडणारे नव्हते. देवळे पाडली गेली ती त्याच्या मागून, १५४०नंतर. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली तर काही नाही, फक्त हसली.

गोवे हाती आल्यावर बाकीच्या नाक्यांकडे तो वळला. १५११त सुमारे १८ जहाजे नि हजार-बाराशे माणसे घेऊन मलाक्का घेतले. परतताना ‘फ्लोर दो मार’ हे त्याचे जहाज लुटीसकट सुमात्राजवळ बुडाले. १५१३त एडनच्या तटाला शिड्या लावल्या, त्या माणसांच्या भाराने मोडल्या. ते दार त्याला कधीच उघडले नाही. १५१५त होर्मुझ पक्के केले. या ठाण्यांच्या जोरावर पोर्तुगीजांचा परवाना घेतल्यावाचून कोकणच्या व्यापाऱ्यासही आपल्याच दारातल्या समुद्रात गलबत हाकणे धोक्याचे झाले.

इकडे लिस्बनमध्ये त्याचे वैरी राजाच्या कानी लागले होते. गोवे रोगट, खर्चिक, ते सोडून द्यावे असा त्यांचा लकडा. आल्बुकर्क पत्रांवर पत्रे लिहून ते ठाणे राखत होता. गोवे राहिले, तो राहिला नाही. होर्मुझहून आजारी परत येताना वाटेतच त्याला कळले की, आपल्या जागी आपला वैरी लोपो सोआरेस नेमला गेला आहे. १६ डिसेंबर १५१५ रोजी, गोवे दृष्टीस पडले असता, त्याने जहाजावरच प्राण सोडला.

होर्मुझ १६२२त गेले, मलाक्का १६४१त डचांनी घेतले, चिमाजीअप्पाने १७३९त वसई घेतली. पोर्तुगीज आरमाराचे नावही मागे पडले. गोवे मात्र १९ डिसेंबर १९६१पर्यंत त्यांच्याकडे होते.

त्याला गोव्यातच पुरले होते. पुढच्या अधिकाऱ्यांच्या जुलुमाने गांजलेले हिंदू व मुसलमान त्याच्या थडग्याशी गाऱ्हाणे घालायला जात, अशी आख्यायिका आहे. कत्तलीची आठवण असणाऱ्या त्या शहरात असे घडले असेल का, मला सांगता येत नाही. १५६६ साली त्याच्या अस्थी लिस्बनला नेण्यात आल्या. मंगेश नदीपार होऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.