जगदीशचंद्र बोस : भिंत आणि ढग

जगदीशचंद्र बोस म्हटले की बहुतेकांना वनस्पतींची संवेदना आठवते. आम्हांस मात्र त्यांची १८९४ नंतरची पाच-सहा वर्षे अधिक मोलाची वाटतात.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. तरीही मुलाला त्यांनी प्रथम बंगाली शाळेतच घातले. तेथे जगदीशच्या एका बाजूस कोळ्याचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूस वडिलांच्या मुसलमान शिपायाचा. भद्रलोकांच्या घरात त्या काळी हे घडले, याची आम्ही शिक्षक मंडळी मुद्दाम नोंद घेतो.

केंब्रिजहून परतल्यावर १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. काम गोऱ्या प्राध्यापकाइतकेच, वेतन मात्र त्याच्या एक-तृतीयांश! बोसांनी वेतनच नाकारले आणि तीन वर्षे बिनपगारी शिकविले. अखेर सरकार नमले. पूर्ण वेतन थकबाकीसह मिळाले.

प्रयोगशाळा म्हणून त्यांच्या वाट्याला लहानशी खोली आली. तेथे त्यांनी पाच मिलिमीटर इतक्या आखूड विद्युत्-लहरी निर्माण केल्या. पिळलेला ताग, रेल्वे वेळापत्रकाच्या पानांत घातलेला धातूचा वर्ख, अशी त्यांची साधने! १८९५ मध्ये टाऊन हॉलमध्ये त्यांनी अशाच अदृश्य लहरी भिंतींपार धाडून घंटा वाजविली, दारू पेटविली.

भिंत भेदणारी ही लहर ढगात मात्र क्षीण होते. ढगातील थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, म्हणजे लहरीच्या मानाने अतिसूक्ष्म. म्हणून ते तिला फारसे विखुरत नाहीत, शोषतात. लहरीच्या प्रत्येक आंदोलनासरशी पाण्याचे रेणू वळू पाहतात आणि तिच्या ऊर्जेची उष्णता होते. थेंब किती, यापेक्षा वाटेत एकूण पाणी किती, यावर ही घट ठरते. लहर आखूड केली की ती वाढते. बर्फकणांच्या उंच ढगांत ती फारच कमी असते. बोसांच्या प्रयोगांतील अंतर विसेक मीटरांचे, तेही छताखाली. त्यामुळे हा अडथळा त्यांच्या वाटेत आलाच नाही.

पुढे ते वनस्पतींकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी बोस संस्था स्थापिली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. मिलिमीटर लहरींचा अभ्यास मधली अनेक दशके मागे पडला होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील किट पीक पर्वतावरील बारा मीटरच्या दुर्बिणीत १.३ मिलिमीटर लहरींसाठी नवा ग्राहक बसविला, तेव्हा त्यात बोसांच्या १८९७ च्या निबंधांतील काही कल्पना घेतल्या गेल्या. अशा दुर्बिणी उंच, कोरड्या जागीच उभारतात. हवेतील पाणी तेथे कमी असते.