वाटी नसलेला गुडघा



इंदूरच्या जुन्या मंडळींत होळकर संघाच्या गोष्टी निघाल्या की कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली ही नावे हमखास येतात. याच संघातून १९४४-४५ च्या मोसमात एक इंग्रज सैनिकही खेळला. दुसऱ्या महायुद्धात त्याची नेमणूक आपल्या जवळच्या महूच्या छावणीत झाली होती. मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. मुंबईने होळकर संघापुढे ८६७ धावांचे डोंगराएवढे लक्ष्य ठेवले. होळकर संघ ४९२ धावांत बाद झाला आणि सामना हरला, पण हा सैनिक २४९ धावांवर नाबाद राहिला. त्याचे नाव डेनिस कॉम्प्टन.

डेनिसचा जन्म २३ मे १९१८ रोजी लंडनजवळच्या हेंडन येथे झाला. घरची स्थिती साधारणच होती. पंधराव्या वर्षी तो लॉर्ड्स मैदानावर नोकरीला लागला. अठराव्या वर्षी मिडलसेक्सकडून खेळताना त्याने पहिल्याच मोसमात हजार धावा केल्या. १९३८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी शतक ठोकले. उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात आर्सेनल क्लबकडून फुटबॉल, असा त्याचा वर्षभराचा क्रम होता. थोरला भाऊ लेस्ली हाही दोन्ही खेळांत त्याच्या सोबत असे.

याच १९३८ साली फुटबॉल खेळताना समोरच्या संघाच्या गोलरक्षकाशी त्याची जोरदार टक्कर झाली आणि उजवा गुडघा दुखावला. तरुण वय, अंगात जोर. दुखणे थोडे कमी झाले की गडी पुन्हा मैदानात! त्या वेळी ते खपूनही गेले.

युद्ध संपल्यावर १९४७ चा उन्हाळा आला. त्या एका मोसमात कॉम्प्टनने १८ शतके आणि ३८१६ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील हे दोन्ही विक्रम आजही कायम आहेत. युद्धाने थकलेले, रेशनच्या रांगेत उभे राहणारे लोक त्याचा खेळ पाहायला लोटत. पण मोसम संपता संपता गुडघा सुजू लागला होता. तरीही त्याने दोन्ही खेळ चालूच ठेवले. १९५० मध्ये आर्सेनलने एफ. ए. कप जिंकला, त्या अंतिम सामन्यातही तो होता. तोच त्याचा शेवटचा मोठा फुटबॉल सामना ठरला. त्याच वर्षी गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर लगेचच तो ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला आणि कसोटीच्या आठ डावांत त्याला अवघ्या ५३ धावा करता आल्या. गुडघा पुरता सावरण्याआधीच त्याच्याकडून काम घेतले जात होते.

पुढची पाच वर्षे तो दुखरा पाय घेऊनच खेळला. १९५४ मध्ये पाकिस्तानविरुद्ध २७८ धावाही केल्या. अखेर नोव्हेंबर १९५५ मध्ये डॉक्टरांनी त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी काढून टाकली.

याचा अर्थ काय, ते समजून घेऊ. मांडीचा मोठा स्नायू खाली गुडघ्याकडे येताना चिवट दोरीसारखा होतो. या दोरीला कंडरा म्हणतात. गुडघ्याची वाटी या कंडरेतच बसवलेली असते. वाटीमुळे कंडरा सांध्यापासून थोडी पुढे राहते. दार बिजागरीजवळ ढकलले तर जड जाते, कडीजवळ ढकलले तर सहज उघडते. वाटीचे काम असेच आहे. ती काढली की पाय सरळ करण्याची ताकद बरीच कमी होते. शिवाय कापलेली कंडरा जुळून येईपर्यंत पायाला विश्रांती द्यावी लागते आणि तेवढ्यात मांडीचा स्नायू वाळतो. मग व्यायाम करून रोज थोडा थोडा जोर परत मिळवावा लागतो. त्यात घाई चालत नाही. आज डॉक्टर शक्य असेल तोवर वाटी वाचवतात. त्या काळी असे उपाय फार नव्हते.

पुढे धावत येऊन चेंडू टोलवणे ही तर कॉम्प्टनची खासियत. त्यात वय ३७. सगळ्यांना वाटले, आता हा संपला. पण १९५६ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा बॅट घेऊन उभा राहिला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या चार कसोटी सामन्यांत तो नव्हता. ऑगस्टमध्ये ओव्हलवरच्या पाचव्या कसोटीसाठी त्याला बोलावले. शस्त्रक्रियेला जेमतेम नऊ महिने झाले होते. पहिल्या डावात त्याने ९४ धावा केल्या, दुसऱ्या डावात नाबाद ३५. शतक सहा धावांनी हुकले, पण त्या ९४ धावांचे मोल अनेक शतकांहून अधिक होते.

मात्र गुडघा पूर्ववत झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. पुढच्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेत त्याला जुना सूर सापडला नाही. १९५७ मध्ये त्याने व्यावसायिक क्रिकेटचा निरोप घेतला. ७८ कसोटी, ५८०७ धावा, १७ शतके अशी कमाई त्याच्या नावावर राहिली. नंतर त्याने वृत्तपत्रांत लिहिले, समालोचन केले. २३ एप्रिल १९९७ रोजी त्याचे निधन झाले. लॉर्ड्सवरील एका प्रेक्षागाराला आज त्याचे नाव आहे, आणि त्याची ती वाटीही तेथील संग्रहात जपून ठेवलेली आहे.

मुलांनो, कॉम्प्टनची जिद्द अवश्य घ्या. पण त्याने सुरुवातीला केलेली हयगय मात्र घेऊ नका. शाळेच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की संघातून नाव वगळले जाईल या भीतीने बरीच मुले दुखणे लपवतात. पालक आणि शिक्षकांनीही लक्षात ठेवावे, की लंगडणाऱ्या मुलाला अंतिम सामन्यापुरते उतरवणे हा त्याचा गौरव नव्हे. एक सामना हुकला तर पुढचा मिळतो. गुडघा मात्र जन्मभर तोच वापरायचा असतो.