सृष्टीची वीण शोधणारा प्रवासी : अलेक्झांडर फॉन हंबोल्ट

भूगोलाच्या पुस्तकातील जगाचा तो रंगीत नकाशा आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. विषुववृत्तालगत गर्द हिरवा पट्टा, त्याच्या दोन्ही अंगांना गवताळ प्रदेश, मग वाळवंटे, त्यापलीकडे सूचिपर्णी वने आणि अगदी उत्तरेला टुंड्रा. परीक्षेपुरते आपण हे पट्टे पाठ करतो आणि परीक्षा संपली की विसरूनही जातो. वनस्पती व प्राणी यांच्या अशा मोठ्या समूहांना आज 'बायोम' म्हणतात. हा शब्द विसाव्या शतकातला. परंतु पृथ्वीकडे अशा नजरेने पाहण्याची दृष्टी ज्यांनी जगाला दिली, ते अलेक्झांडर फॉन हंबोल्ट त्याच्या शंभर वर्षे आधी होऊन गेले. मी कला शाखेचा विद्यार्थी असूनही या शास्त्रज्ञाचे चरित्र मला इतके जवळचे का वाटले, ते या लेखातून सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

हंबोल्ट यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन येथे एका सधन घराण्यात झाला. ते नऊ वर्षांचे असतानाच वडील वारले. आईची शिस्त कडक होती आणि मुलाने सरकारी चाकरी करावी अशी तिची इच्छा होती. थोरले बंधू विल्हेल्म पुढे भाषापंडित म्हणून नावारूपाला आले. त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि भगवद्गीतेवर बर्लिनच्या अकादमीत व्याख्यानेही दिली. धाकट्या अलेक्झांडरचे मन मात्र दूरदेशीच्या अरण्यांकडे ओढ घेत होते. तरीही आईच्या इच्छेला मान देऊन त्यांनी खाणशास्त्राचे शिक्षण घेतले आणि प्रशियाच्या खाण खात्यात नोकरी धरली. तेथेही त्यांनी केवळ कागद रंगवले नाहीत. खाणकामगारांसाठी त्यांनी शाळा काढली, विषारी वायूपासून बचाव व्हावा म्हणून सुरक्षित दिवा व श्वसनाचे उपकरण तयार केले. याच काळात महाकवी गटे यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. विज्ञानाला मोजमाप हवे तशी कल्पनाशक्तीही हवी, ही खूणगाठ त्यांच्या मनात या सहवासात अधिक पक्की झाली असावी, असे मला वाटते.

१७९६ मध्ये आईचे निधन झाले. वारशाने आलेला पैसा त्यांनी प्रवासासाठी वेगळा काढला. ५ जून १७९९ रोजी एमे बोंप्लां या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञासह ते स्पेनहून निघाले आणि १६ जुलै रोजी आजच्या व्हेनेझुएलातील कुमाना येथे उतरले. पुढची पाच वर्षे हीच त्यांच्या आयुष्याची खरी कमाई ठरली.

१८०० च्या आरंभी ते व्हॅलेन्सिया सरोवराकाठी पोहोचले. सरोवराचे पाणी वर्षानुवर्षे आटत चालले होते आणि ते जमिनीखालच्या एखाद्या विवरातून वाहून जात असावे असा तेथील लोकांचा समज होता. हंबोल्ट यांनी आसपासचे डोंगर पाहिले, शेते पाहिली आणि निराळेच कारण मांडले. मळ्यांसाठी डोंगरांवरची झाडे तोडली गेली होती आणि ओढ्यांचे पाणी शेतीकडे वळवले गेले होते. झाडांची सावली गेली, जमिनीत ओल धरून ठेवणारी मुळे गेली. मग पावसाचे पाणी मुरेनासे झाले आणि माती घेऊन धावत सुटले. मित्रांनो, जंगलतोड आणि पाणीटंचाई यांचे नाते आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण ते इतक्या स्पष्टपणे सांगणाऱ्या पहिल्या काही माणसांत हंबोल्ट यांची गणना करावी लागते.

पुढे यानोस नावाचा अफाट गवताळ प्रदेश लागला. त्या रखरखाटात मोरिचे नावाचे ताडासारखे झाड ठिकठिकाणी उभे होते. त्याची फळे पक्ष्यांना खाद्य देत. त्याच्या बुंध्याशी वाऱ्याने आलेली माती साठे, ओल टिके, त्या ओलीत किडेमुंग्या व कृमी आसरा घेत. एका झाडाच्या आधारे केवढा संसार उभा होता! मग पंचाहत्तर दिवस ओरिनोको आणि तिच्या परिसरातील नद्यांतून होडीने प्रवास झाला. ओरिनोको व ॲमेझॉन या दोन महानद्यांना जोडणारा कासिकियारे हा नैसर्गिक प्रवाह त्यांनी नकाशावर नेमका नोंदवला. काही नद्यांचे पाणी काळसर चहासारखे, काहींचे गढूळ पांढरट. काळ्या पाण्याच्या नद्यांवर डासांचा उपद्रव फारच कमी, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

२३ जून १८०२ हा दिवस त्यांच्या चरित्रात महत्त्वाचा आहे. त्या दिवशी ते आजच्या इक्वेडोरमधील चिंबोराझो पर्वतावर चढले. हा पर्वत तेव्हा जगातील सर्वांत उंच समजला जात असे. सोबत बोंप्लां, कार्लोस मोंतुफार हा कीटोचा तरुण आणि एक स्थानिक सोबती होता. श्वास अपुरा पडत होता, हिरड्यांतून रक्त येत होते. तरी ठरावीक अंतरावर थांबून हवेचा दाब आणि तापमान मोजणे चालूच होते. अखेर एका खोल घळीने वाट अडवली. त्यांच्या मोजणीनुसार ती उंची १९,२८६ फूट होती. शिखर हाती आले नाही, पण त्याहून मोठे काही गवसले. पायथ्याशी ताड व केळी, त्यावर ओक आणि नेचे, मग झुडपे, मग गवत, शेवटी खडकाला चिकटलेले दगडफूल आणि त्यावर केवळ बर्फ! विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत हजारो मैलांत दिसणारा क्रम एकाच पर्वताच्या अंगावर उभा मांडलेला होता. वनस्पतींची नुसती नावे जुळवून भागणार नाही. कोणती वनस्पती कोणत्या उंचीवर, कोणत्या उष्णतेत, कोणाच्या शेजारी वाढते ते पाहिले पाहिजे, हा विचार येथे दृढ झाला. १८०७ च्या ग्रंथात त्यांनी चिंबोराझोचा उभा छेद काढून त्यावर त्या त्या उंचीवरील वनस्पतींची नावे लिहिली आणि बाजूला हवेचा दाब, तापमान, प्राणी, पिके यांच्या नोंदी दिल्या. १८१७ मध्ये समताप रेषांचा नकाशाही त्यांनीच तयार केला.

समुद्रही त्यांनी वगळला नाही. पेरूच्या किनाऱ्यावर उष्ण कटिबंधातही पाणी विलक्षण थंड असल्याचे त्यांनी १८०२ मध्येच मोजून पाहिले. या थंड पाण्यामुळे किनाऱ्यावर पाऊस पडत नाही आणि वाळवंट पसरते. उलट समुद्रात तळाची पोषक द्रव्ये वर येऊन माशांचे अमाप पीक येते आणि त्यावर लक्षावधी पक्षी जगतात, हे आज आपण जाणतो. जगाने त्या प्रवाहाला हंबोल्ट यांचे नाव दिले. त्यांनी स्वतः मात्र हरकत घेतली. कारण तेथील कोळ्यांना तो शतकानुशतके ठाऊक होता.

या थोर पुरुषाची एक गोष्ट मला खटकते. ओरिनोकोकाठच्या अटारुइपे गुहेतून आदिवासींच्या पूर्वजांचे सांगाडे त्यांनी वाटाड्यांच्या मनाविरुद्ध उचलून नेले. ज्यांच्या मदतीवाचून एक पाऊलही पुढे पडले नसते, त्यांच्या श्रद्धेची येथे पर्वा राहिली नाही. हे सांगितले नाही तर चरित्र अर्धवट राहील. पण याच हंबोल्ट यांनी गुलामगिरीवर आयुष्यभर कठोर टीका केली. क्यूबावरील त्यांच्या पुस्तकाच्या १८५६ च्या इंग्रजी अनुवादातून गुलामगिरीचे प्रकरण गाळले गेले, तेव्हा त्यांनी जाहीर निषेध नोंदवला.

हिमालय पाहण्याची त्यांची फार इच्छा होती. परंतु ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. स्पॅनिश वसाहतींतील जुलमाविषयी लिहिणारा साक्षीदार कंपनीला आपल्या राज्यात नको असावा, असा माझा तर्क आहे. १८२९ मध्ये साठीला टेकलेल्या या गृहस्थाने रशियातून अल्ताई पर्वतापर्यंत मजल मारली, पण हिमालय राहिलाच. पुढे त्यांच्या शिफारशीने श्लागिंटवाइट बंधू १८५४ मध्ये मुंबईत उतरले आणि दख्खन ओलांडून पुढे हिमालयापर्यंत गेले.

बर्लिनमध्ये १८२७-२८ साली त्यांनी दिलेली विनामूल्य व्याख्याने ऐकायला स्त्रियाही मोठ्या संख्येने येत. त्यातूनच 'कॉसमॉस' हा ग्रंथ आकाराला आला. त्याचा पहिला खंड १८४५ मध्ये निघाला, पाचवा मात्र अपुराच राहिला. ६ मे १८५९ रोजी वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. वारशाचा पैसा प्रवासात आणि ग्रंथछपाईत केव्हाच संपला होता.

कला आणि विज्ञान यांच्या भिंती आपण महाविद्यालयात फार लवकर उभ्या करतो. हंबोल्ट यांना त्या भिंती मान्य नव्हत्या. वायुभारमापक हाती धरणाऱ्या या माणसाला कवीचे मन होते, म्हणूनच सरोवराचे पाणी पाहताना त्यांना डोंगरावरचे तुटलेले झाड दिसले. भूगोलाच्या त्या नकाशातील रंगांचे पट्टेही एकमेकांपासून सुटे नाहीत. एका पट्ट्यातील कुऱ्हाडीचा घाव दुसऱ्या पट्ट्यातील पाण्यापर्यंत पोहोचतो, ही जाणीव आपल्यापैकी निदान काहींनी पदवीबरोबर घरी न्यावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.