बल्ब नाही, होल्डर!

एडिसनचा धडा आपण सगळ्यांनीच शाळेत वाचलाय. मी तो कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीतून वाचला, तेव्हा माझं मराठी थोडं सांभाळून घ्या! त्याच्या नावावर फिरणारे सुविचार मात्र इथे देणार नाही. ते आपण सेंड-ऑफच्या भाषणांत भरपूर ऐकतो.

दिवाळीत नांदेडहून लातूरला घरी गेले, तर हॉलच्या फॉल्स सीलिंगमधले तीन लाइट बंद होते. मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि एक खाली ओढला. (स्प्रिंगच्या पट्ट्या धरूनच ओढा, नाहीतर बोटांवर फटकन बसतात.) चालू लाइटचा ड्रायव्हर जोडून पाहिला, तर तिन्ही एलईडी पेटले. म्हणजे गेले होते फक्त ड्रायव्हर. सीलिंगच्या वर उष्णता कोंडते आणि आतला कपॅसिटर वाळतो. दुकानात त्या मापाचा सुटा ड्रायव्हर मिळाला नाही. नवीन फिटिंग घ्यावं, तर त्याला भोक मोठं लागतं. आई म्हणाली, यापेक्षा आपला जुना बल्ब बरा, काढला की लावला. तेव्हा मला एडिसन पुन्हा वाचावासा वाटला.

जन्म ११ फेब्रुवारी १८४७, ओहायोतलं मिलान गाव. शाळा जेमतेम काही महिने, पुढे आईनेच शिकवलं. कानाने कमी ऐकू यायचं. रेल्वेत पेपर विकले, मग तारऑफिसात नोकरी. १८६९ चं पहिलं पेटंट मतं मोजायच्या यंत्राचं होतं. ते कुणालाच नको होतं, कारण मतदान लांबवणं हाच सभासदांचा डाव असायचा! त्यानंतर, ज्याला गिऱ्हाईक नाही ते बनवायचंच नाही, असं त्याने ठरवलं.

बल्ब त्याच्याआधीही होते. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान त्यावरच काम करत होता. एडिसनने विचार केला तो पूर्ण सिस्टिमचा. फिलॅमेंटचा रेझिस्टन्स जास्त ठेवला की करंट कमी लागतो, आणि मग तांब्याची वायर बारीक चालते. (सेकंड इयरला हे गणित आपण मार्कांसाठी करतो, त्याने ते तांब्याच्या बिलासाठी केलं.) ऑक्टोबर १८७९ मध्ये जळक्या सुती दोऱ्याचा दिवा तेरा-चौदा तास टिकला. पुढे बांबूच्या फिलॅमेंटचे दिवे १२०० तासांवर गेले. तरी दिवा कधीतरी जाणारच. म्हणून त्याने आटे असलेला होल्डर केला, कुणीही हाताने फिरवून बदलावा असा. ई-२७ या मापातला ‘ई’ एडिसनचाच. आपल्याकडे इंग्रजांमुळे दोन पिनांचा होल्डर रुजला, पण बदलायची सोय तीच.

४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचं वीजकेंद्र सुरू झालं. सुरुवातीला दिवे सुमारे ४००. जमिनीखालून वायरी, आणि मीटरसुद्धा! त्यात जस्ताच्या पट्ट्या असायच्या. माणूस येऊन त्या न्यायचा, वजनातल्या फरकावरून बिल निघायचं.

पण तो डीसीला चिकटून बसला. डीसी दीड किलोमीटरच्या पुढे परवडेना. वेस्टिंगहाउसचा एसी ट्रान्सफॉर्मरमुळे लांब जायचा. १८८८ मध्ये, एसी किती घातक ते दाखवायला एडिसनच्या प्रयोगशाळेत प्राण्यांना शॉक देऊन मारलं गेलं. हे मला कुठल्याच धड्यात वाचल्याचं आठवत नाही, आणि माफही करवत नाही. १८९२ मध्ये त्याची कंपनी दुसरीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक झाली, नावातून एडिसन गळला. गंमत म्हणजे एलईडीला लागतो डीसीच. आमच्या सीलिंगमधला तो ड्रायव्हर एसीचा डीसी करता करताच गेला.

अमेरिकेत १०९३ पेटंट नावावर ठेवून १८ ऑक्टोबर १९३१ ला तो गेला. श्रद्धांजली म्हणून देशभरातली वीज क्षणभर बंद ठेवावी, असा विचार झाला. पण दवाखाने होते, पाण्याचे पंप होते. ते शक्यच नव्हतं. शेवटी राष्ट्राध्यक्ष हूवरने लोकांना विनंती केली, आणि २१ तारखेला रात्री दहा वाजता लोकांनी आपापल्या घरातले दिवे स्वतःच्या हाताने मिनिटभर मालवले.