वि. स. खांडेकर : चरित्र आणि मिथक

विष्णू सखाराम खांडेकर १८९८ मध्ये सांगलीस जन्मले आणि १९७६ मध्ये मिरजेस निवर्तले. मूळचे गणेश आत्माराम. दत्तकविधानाने त्यांचे नाव पालटले. १९२० पासून त्यांनी शिरोड्यास अध्यापन केले. १९५९ च्या ‘ययाति’त आदिपर्वातील आख्यान त्यांनी ययाती, देवयानी व शर्मिष्ठा यांच्या मुखी सोपविले. पित्यास तारुण्य अर्पिणाऱ्या पुरूचे मूळ लेखकाच्या दत्तकपणात शोधण्याचा मोह मनोविश्लेषक समीक्षेस होणे स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळे मिथक केवळ रोगलक्षण ठरते. उलट, केवळ भोगवादाचे प्रतीक मानल्यास ययातीचे मृत्युभय निर्जीव होते. प्रतीक मागे वासनेकडे व पुढे मूल्याकडे एकाच वेळी निर्देश करते, ही पॉल रिकर यांची अर्थमीमांसा येथे उपकारक ठरते.