रेचल कार्सन : पाखरांची बाजू मांडणाऱ्या लेखिका

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या पारनेर तालुक्यात कांद्यावर फवारणी झाली की पंप कुठे धुतात, पाहिलंय का? बरेचदा विहिरीपाशी, नाहीतर ओढ्यात. ते औषध पुढे कुठे जातं, हे जगाला सांगणाऱ्या बाईंची ही ओळख.

रेचल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील स्प्रिंगडेल गावी झाला. प्राणिशास्त्र शिकून त्या सरकारी मत्स्य व वन्यजीव खात्यात लागल्या. समुद्रावरच्या पुस्तकांनी नाव झालं आणि १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

त्या काळी डीडीटी सर्रास फवारत. एल्मच्या झाडांवर मारलेलं विष पानांबरोबर जमिनीवर येई. ती पानं गांडुळं खात, गांडुळं रॉबिन पक्षी खात आणि पक्षी मरत. पाण्यातही तसंच. सूक्ष्म जीव, मग मासे, मग मासे खाणारे पक्षी, दर पायरीला विष वाढतच जातं. हे त्यांनी १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात मांडलं. फवारणी साफ बंद करा, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. गरजेपुरती आणि समजून करा, एवढंच होतं. तरी रसायन कंपन्या त्यांच्यावर तुटून पडल्या. कॅन्सर असूनही त्या मागे हटल्या नाहीत. १४ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी घातली, भारताने १९८९ मध्ये.

मित्रांनो, निघोजच्या रांजणखळग्यांतून वाहणारी कुकडी पुढे घोड नदीला मिळते आणि घोड भीमेला. म्हणजे आपण धुतलेलं कुणीतरी पितंच. आज घरी एवढंच विचारा, आपला पंप कुठे धुतात?