लाटांचा सोबती

फलटणसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावी मुले विहिरीत पोहायला शिकतात. ड्यूक कहानामोकू यांना मात्र प्रशांत महासागरच अंगणासारखा होता. त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी हवाई बेटांतील होनोलुलू येथे झाला.

लाकडी फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे धावत यावयाचे, हा हवाई लोकांचा फार जुना खेळ. एकोणिसाव्या शतकात तो मागे पडला होता. ड्यूक यांनी बालपणीच तो आत्मसात केला.

१९११ साली होनोलुलू बंदरातील शर्यतीत ते इतक्या वेगाने पोहले, की दूरच्या अधिकाऱ्यांचा त्यावर विश्वास बसेना. घड्याळच चुकले असावे, असा संशय त्यांनी घेतला. पुढल्याच वर्षी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये ड्यूक यांनी १०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले आणि संशय फिटला. १९२० साली अँटवर्प येथे त्यांनी ते पुन्हा मिळवले.

परंतु त्यांच्या विद्येची खरी कसोटी १४ जून १९२५ रोजी लागली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'थेल्मा' नावाची नौका प्रचंड लाटांत उलटली. नौकेवर १७ माणसे होती. ड्यूक आपली फळी घेऊन लाटांत शिरले. बुडणाऱ्यांना फळीवर घेऊन ते किनाऱ्यास आणीत आणि पुन्हा माघारी जात. पाच जण बुडाले, बारा वाचले. त्यांपैकी आठ जणांना एकट्या ड्यूक यांनी वाचवले. तेव्हापासून तेथील जीवरक्षकही फळी वापरू लागले.

हा खेळ ऑलिंपिकमध्ये यावा, अशी त्यांची इच्छा होती. २२ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी वाइकीकीच्या समुद्रात विसर्जित करण्यात आल्या.

पुढे फळ्या आखूड व हलक्या झाल्या. मोठी लाट वाकली, की तिच्या पोटात पाण्याची पोकळ नळी तयार होते. खेळाडू त्या नळीतूनही जाऊ लागले. लाटेकडे पाठ असली, तर हे काम विशेष अवघड होते. तेव्हा गुडघे वाकवून, हाताने फळीची कड घट्ट धरून, मान वळवून लाटेवर नजर ठेवावी लागते.

२०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच झाला आणि ड्यूक यांची इच्छा पूर्ण झाली. मात्र लाटेशी खेळता खेळता मिळवलेल्या विद्येने त्यांनी आठ जीव वाचवले, हे त्यांचे यश सर्व पदकांहून मोठे होय.